पासष्ट फॅटची म्हैस

दूध संस्थेचं सॉफ्टवेअर लिहायचं असेल तर पहिली मीटिंग ऑफिसात नको, पहाटे सहाला संकलन केंद्रावर करा. मी पहिल्या वेळी गेलो नव्हतो. सचिवांशी फोनवर बोललो, टेबलं आखली, गाय की म्हैस निवडायला छानसा ड्रॉपडाउन दिला. प्रत्यक्षात तिथला माणूस एका हाताने किटली रिकामी करतो आणि दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटांनी नंबरपॅड बडवतो. माऊस टेबलाखाली लोंबत असतो. ड्रॉपडाउनला कुणी हातच लावला नाही. आधीच्या सभासदाचं 'म्हैस' तसंच राहिलं आणि गायीच्या दुधाला म्हशीचा दर लागला. वसुली करताना शिव्या मी खाल्ल्या.

तेव्हापासून यूज केसमध्ये, म्हणजे एखादं काम सॉफ्टवेअरवर कसं होईल याच्या टिपणात, 'कोण' आणि 'काय करतो' यांच्याखाली आणखी एक रकाना असतो: 'कोणत्या अवस्थेत'. हात ओले, मागे रांग, चष्मा घरी. तो रिकामा असेल तर यूज केस परत पाठवतो.

'वापरायला सोपं असावं' ही अट तपासणार कशी? त्याऐवजी लिहा: 'सभासद क्रमांकापासून पावतीपर्यंत फक्त नंबरपॅड आणि एंटर, नवख्याला तिसऱ्या नोंदीपर्यंत न विचारता जमावं.' आणि ती टेस्टच्या यादीतच टाका, नाहीतर डेडलाइन जवळ आली की पहिली कात्री तिलाच लागते.

कोडच्या आधी स्क्रीन कागदावर काढा, वापरणाऱ्याच्या हातात पेन द्या आणि गप्प बसा. (हे सगळ्यात अवघड.) आमच्या सचिवांनी फॅटच्या, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाच्या टक्क्यांच्या, चौकटीत 65 लिहिलं. मला राहवलं नाही. "पॉइंट राहिला." ते म्हणाले, "साहेब, पासष्ट म्हणजे साडेसहाच की. पासष्ट फॅटची म्हैस बघितलीय का कुठं?" आता 65 दाबलं की मोठ्या अक्षरांत 6.5 उमटतं. गाय-म्हशीची चौकट मात्र दरवेळी कोरी येते: 1 गाय, 2 म्हैस. एक बटण जास्त दाबावं लागतं म्हणून कुरकूर झाली, पण तिथे मी हटलो नाही.

पाच जणांवर तपासलं तरी बहुतेक अडचणी दिसतात, असं वापरसुलभतेचे (युजेबिलिटी) तज्ज्ञ याकोब नीलसन सांगतात. माझा अनुभवही तोच, फक्त पाचही सचिव घेऊ नका. मापाड्या घ्या, सुट्टीत मदतीला बसणारा मुलगा घ्या, पावती नेणारा सभासद घ्या. आमच्या पाचव्या होत्या एक मावशी. त्यांनी पावतीवरच्या 'एसएनएफ 8.5' वर (फॅट सोडून दुधातल्या इतर घन पदार्थांचे टक्के) बोट ठेवलं आणि विचारलं, "हे साडेआठ रुपये कशाचे कापले?"