सुट्ट्यांच्या सीझनमध्ये अर्जांना रिप्लायच नाही? माझं असं जमलं

डिसेंबरच्या मध्यापासून अर्ज टाकतोय आणि समोरून फक्त 'मी सुट्टीवर आहे' असे ऑटो-रिप्लाय. आधी रोज दहा ठिकाणी एकच रेझ्युमे टाकून पाहिला, मग दर दोन दिवसांनी फॉलोअप, काही हललं नाही. जाम वैताग आला होता.

मग याच क्रमाने केलं. आधी ते ऑटो-रिप्लाय नीट वाचले, त्यात माणूस परत कधी येणार ती तारीख असते आणि बऱ्याचदा त्याच्या जागी कोण बघतंय तेही (मी न वाचताच डिलीट करत होतो!). तारखा एका शीटमध्ये टाकल्या. मग जुन्या सहकाऱ्यांना मेसेज केले, नोकरी मागितली नाही, १५ मिनिटं बोलू का एवढंच, या दिवसांत लोक जरा निवांत असतात त्यामुळे चक्क बोलतात. त्यातून कळलं नवीन वर्षाच्या बजेटमध्ये कुठल्या टीमला माणसं लागणारेत. रेझ्युमेच्या वरच्या चार ओळी त्याप्रमाणे बदलल्या. शेवटी फॉलोअप शेड्यूल केला, पण माणूस परत येतो त्या दिवशी नाही हां, तेव्हा इनबॉक्स तुंबलेला असतो, तिसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी, आणि जुन्याच थ्रेडमध्ये. पाचपैकी दोघांचे रिप्लाय त्याच दिवशी आले, एक इंटरव्ह्यू पुढच्या मंगळवारी लागलाय.