ग्रुपवर नको, मसुद्यावर बोला

पहाटे तीन-साडेतीनला आम्हा विमान-देखभाल इंजिनिअरांच्या (एएमईंच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला कंठ फुटतो. ‘सलग पाचवी नाईट.’ ‘तीन विमानं, सही करणारा एकटा.’ खाली अंगठे, हात जोडलेले, एखादी शिवी. मी सव्वीस वर्षं लायसन्सवर विमानं रिलीज करतेय, म्हणजे काम झाल्यावर ‘उडायला ठीक’ अशी सही करतेय, आणि या ग्रुपवरचं एकही वाक्य नियमात गेलेलं पाहिलं नाही. जाणार कसं? नियम लिहिणारा माणूस आपल्या ग्रुपमध्ये नाही.

आधी कुठे बोलायचं ते समजून घ्या. कायदा संसद करते, त्याखालचे रूल्स सरकार काढतं, आणि आपल्या रोजच्या हातकामाला बांधतात ते सीएआर (नागरी विमान वाहतुकीच्या अटी) डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, काढतं. १९३७च्या एअरक्राफ्ट रूल्समधल्या नियम १३३एप्रमाणे सीएआरचा मसुदा ३० दिवस वेबसाइटवर ठेवून हरकती-सूचना मागवायच्या असतात. सार्वजनिक हितासाठी महासंचालक लेखी आदेश काढून हा टप्पा वगळू शकतात, पण एरवी हे तीस दिवस आपले. १ जानेवारी २०२५पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय. त्याखाली रूल्स नव्याने लिहिले जातील तसे कलमांचे नंबर बदलतील, म्हणून पत्रात नंबर घालण्याआधी तो ताजा बघून घ्या.

दर सोमवारी शिफ्टआधीच्या चहाबरोबर मी डीजीसीएच्या वेबसाइटवर चक्कर मारते. नवा मसुदा दिसला की फोनमध्ये शेवटच्या तारखेचा नाही, तिच्या दहा दिवस आधीचा गजर लावते. शेवटच्या रात्री लिहिलेलं पत्र शेवटच्या रात्री लिहिल्यासारखंच दिसतं.

मसुदा वाचायला बसाल तेव्हा जुना सीएआर शेजारी ठेवा. मी दोन्ही छापून घेते आणि लाल पेनाने फक्त फरक शोधते. सगळ्यात आधी व्याख्या, कारण खरी उलथापालथ तिथेच होते. मग कुठे ‘शॅल’चं ‘मे’ झालंय ते. एवढ्याशा शब्दाने सक्तीची मर्जी होते.

आता लिहिणं. माझं पहिलं पत्र साडेतीन पानांचं होतं. परवा कपाटात त्याची प्रत सापडली. वाचून मीच ओशाळले. झोप, लोकल, पगार, सासूबाईंचं आजारपण, सगळं त्यात होतं; परिच्छेदाचा नंबर मात्र एकही नव्हता. ते वाचून अधिकाऱ्याने करायचं तरी काय?

तेव्हापासून मी चारच गोष्टी लिहिते: परिच्छेद क्रमांक, त्यातले आत्ताचे शब्द, मला हवे असलेले शब्द, आणि कारण. समजा, विषय आपल्या शिफ्टचा आहे. देखभाल संस्थांसाठीच्या सीएआर-१४५मध्ये परिच्छेद १४५.ए.४७ म्हणतो की कामाचं नियोजन आणि शिफ्टची आखणी करताना माणसाच्या कार्यक्षमतेच्या मर्यादा विचारात घ्याव्यात. वाक्य छानच आहे. पण त्यात आकडा नाही, त्यामुळे ‘विचारात घेतल्या’ असं कोणीही म्हणू शकतं. मग ‘एएमईंना विश्रांती द्यावी’ असं लिहून उपयोग नाही. ‘या परिच्छेदानंतर पुढील वाक्य घालावं: रिलीजची सही करणाऱ्या व्यक्तीला सलग चारपेक्षा जास्त रात्रपाळ्या देऊ नयेत आणि हँडओव्हर धरून कोणतीही पाळी १२ तासांपेक्षा जास्त नसावी’ असं लिहा. चार की तीन यावर वाद होऊ द्या. वाद आकड्यावर सुरू झाला म्हणजे ‘आकडा हवा’ इथवर आपण पोचलो.

पत्र इंग्रजीत जातं, पण पहिला खर्डा मी मराठीतच करते. ‘फार त्रास होतो’ असं स्वतःच्या भाषेत वाचलं की लगेच कळतं, हे कारण नाही, रडगाणं आहे.

कारणाच्या रकान्यात काय टाकायचं? मी १० जून १९९०ची बीएसी वन-इलेव्हनची घटना टाकते. ह्यूमन फॅक्टर्सच्या, म्हणजे माणसाच्या चुका का होतात ते शिकवणाऱ्या, वर्गात आपण सगळ्यांनी ती ऐकलीय आणि परीक्षा झाल्यावर विसरलोय. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या विमानाची कॅप्टनच्या बाजूची काच साधारण १७,००० फुटांवर उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. तो वाचला. काच उड्डाणाच्या साधारण २७ तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. ९० बोल्टपैकी ८४ कमी व्यासाचे निघाले. माणसं कमी म्हणून शिफ्ट मॅनेजरने काम स्वतः अंगावर घेतलं होतं आणि कॅटलॉग न उघडता जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून नवे घेतले होते. तो आळशी नव्हता. रात्रीच्या त्या प्रहरी डोळे काय दाखवतात ते आपल्याला माहीत आहे.

त्याला स्वतःची नोंद जोडा. मी खिशातल्या डायरीत फक्त पाळी सुरू-संपल्याची वेळ आणि किती विमानांवर सही केली एवढंच लिहिते. तीन महिन्यांची अशी पानं पाच पानी निबंधाला भारी पडतात. मात्र कंपनीची टास्क कार्डं, टेक लॉगचे फोटो, सहकाऱ्यांची नावं जोडू नका. नोकरी जाईल, आणि सूचनेचं वजन वाढणार नाही ते वेगळंच.

समोरून काय येणार हेही आधीच धरून चला: खर्च आणि माणसांची टंचाई. वैमानिकांच्या एफडीटीएलचं, म्हणजे उड्डाण आणि ड्यूटीच्या वेळेच्या मर्यादांचं, उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. ८ जानेवारी २०२४ला सुधारित सीएआर निघाला. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८वर, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. १ जून २०२४पासून लागू व्हायचा होता, तो पुढे ढकलला गेला. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, मग १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि रात्रीच्या काही अटींतून तिला तात्पुरती सूट मिळाली. यातून मी एक सवय लावून घेतली. सूचनेतच अंमलाचं वेळापत्रक सुचवायचं: पहिल्या सहा महिन्यांत काय, वर्षाने काय, आणि सूट द्यायचीच झाली तर किती दिवसांची व कोणत्या कारणाने. हे आपण लिहिलं नाही तर दुसरं कोणीतरी लिहितं.

संघटनेमार्फत पाठवाच, पण स्वतःच्या नावाने आणि लायसन्स नंबरने वेगळंही पाठवा. एकच मजकूर दोनशे जणांनी चिकटवून पाठवला तर वाचणाऱ्याला तो एकच वाटणार. लाइन मेंटेनन्सवाल्याने रॅम्पवरचं लिहावं, बेस मेंटेनन्सवाल्याने सी चेकमधलं (हँगरमधल्या मोठ्या तपासणीतलं), बी-टू लायसन्सवाल्याने, म्हणजे इलेक्ट्रिकल-एव्हिऑनिक्सवाल्याने, त्याच्या वायरिंगचं.

पाठवल्यावर? युरोपात तिथली विमानसुरक्षा संस्था ईएएसए आलेल्या सूचना आणि त्यांवरची आपली उत्तरं छापून प्रसिद्ध करते. आपल्याकडे मी माहिती अधिकार वापरते. दहा रुपये फी, उत्तराला ३० दिवस. अर्जात ‘का’ विचारू नका, कागद मागा: अमुक मसुद्यावर आलेल्या सूचनांची यादी, त्यांवरच्या निर्णयाच्या टिपण्या, फाइल नोटिंगच्या प्रती. ‘का’ला उत्तर द्यायचं बंधन नसतं, जो कागद फायलीत आहे तो द्यायची जबाबदारी असते.

आणि मसुदा नसेल त्या महिन्यांत रिपोर्ट लिहा. चुकीचा पार्ट हातात आला, हँडओव्हर अर्धवट राहिला, अंधारात पॅनलचा एक स्क्रू राहून सकाळी दिसला, तर सेफ्टी रिपोर्ट भरा, ऐच्छिक असला तरी. पुढच्या वेळी ‘असं होतं का?’ असं कोणी विचारलं की बोट ठेवायला जागा हवी. माझ्या डायरीत या रिपोर्टांचे नंबर शेवटच्या पानावर आहेत, आणि त्यातले तीन माझ्या स्वतःच्या चुकांचे आहेत.