कांद्यावरची काळी बुरशी डीएनएवरून ओळखायची तर हाताशी काय हवं

कांदाचाळीतला उन्हाळी कांदा काळा पडू लागला, की नमुन्यांसाठी निफाड-लासलगावकडे निघण्याआधी प्रायमर (डीएनएच्या हव्या त्या भागाच्या दोन टोकांना चिकटणारे छोटे डीएनए-तुकडे) मागवा, कारण ते यायला वेळ लागतो. जोड्या दोन. आयटीएस१-आयटीएस४ ही नेहमीची, बुरशांच्या डीएनएमधल्या आयटीएस नावाच्या भागासाठी. तिच्यावरून ॲस्परजिलसच्या काळ्या गटातली बुरशी आहे एवढं कळतं. त्या गटातल्या नायजर की वेल्विट्शिए यांपैकी कोणती प्रजाती हे सुटत नाही, दोघींचा तो भाग जवळपास सारखाच. त्यासाठी कॅल्मोड्युलिन जनुकाची सीएमडी५-सीएमडी६ जोडी हवीच. नुसत्या आयटीएसवर ‘नायजर’ लिहून मोकळा झालेला अहवाल आम्ही अर्धाच समजतो.

पिशव्या कागदी घ्या. प्लास्टिकमध्ये कांद्याला पाणी सुटतं आणि वाटेतच जिवाणूंची सड लागते. गाव, वाण, चाळीतला थर, तारीख पेन्सिलीने लिहा, स्पिरिटने शाई जाते. तोंडावर एन-९५ मास्क. बाहेरचा सुटा पापुद्रा काढून टाका. खालच्या मांसल पापुद्र्यावर शिरांच्या रेषेत काळी भुकटी जिथे संपते नि पांढरा भाग सुरू होतो, तिथलाच ५ मिमीचा तुकडा कापा. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा, मग टिपकागदावर. पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज अगार, बुरशी वाढवायचं माध्यम) प्लेटमध्ये जिवाणू रोखणारं क्लोरॅम्फेनिकॉल असू द्या. २८ अंशांवर तीन-चार दिवसांत वाढ येते. तिच्यातला एकच बीजाणू वेगळा करून पुन्हा वाढवा. हे टाळलं तर दोन बुरशांचा डीएनए मिसळतो आणि सिक्वेन्सिंगच्या (डीएनएचा क्रम वाचण्याच्या) आलेखात शिखरावर शिखर चढतं.

डीएनए काळ्या भुकटीतून काढू नका. तिच्यातलं मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य पीसीआर (डीएनएच्या हव्या भागाच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया) अडवतं. बीजाणू पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथ या पातळ माध्यमात सोडा आणि साधारण ४८ तासांनी, तंतू पांढरे असतानाच गाळून घ्या. १०० मिग्रॅ पुरतात. पेशी फोडून डीएनए सोडवणारं सीटीएबी बफर ६५ अंशांवर तयार ठेवा. निफाडच्या थंडीत बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर बफर बिघडलेला नाही, १५ अंशांखाली सीटीएबी तळाशी बसतंच. गरम करून हलवा. त्याच कारणाने, प्रथिनं वेगळी करायला क्लोरोफॉर्म-आयसोअमिल अल्कोहोल (२४:१) घातल्यावर सेंट्रिफ्यूजही थंड करून फिरवायचा नाही. नळ्या पॉलिप्रोपिलीनच्या, पॉलिस्टायरीन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं. २६०/२८० गुणोत्तर (या दोन तरंगलांबींवरच्या प्रकाशशोषणाचं, डीएनएची शुद्धता दाखवणारं) १.८च्या आसपास असूनही पीसीआर लागला नाही, तर डीएनए दहापट पातळ करून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

पीसीआर २५ मायक्रोलिटरचा, ५५ अंश ॲनिलिंग (प्रायमर चिकटण्याचं तापमान), ३५ चक्रं. मशिनला यूपीएस हवा. एका नळीत डीएनएऐवजी पाणी. जेलवर तिथे डीएनएची पट्टी उमटली तर सगळी खेप टाकून द्या, या बुरशीचे बीजाणू हवेतून कुठेही पोचतात. १.५ टक्के अगारोज जेलवर (त्यात डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात) दोन्ही जोड्यांची पट्टी ५०० ते ६०० बेसच्या दरम्यान येते. सिक्वेन्सिंग दोन्ही बाजूंनी करून घ्या. ब्लास्टमधलं (जमा क्रमांशी आपला क्रम जुळवणारा ऑनलाइन शोध) सर्वांत वरचं नाव उचलू नका, जुन्या नोंदींत वेल्विट्शिएसुद्धा नायजर म्हणून पडलेली असते. टाइप स्ट्रेनच्या (ज्या मूळ नमुन्यावरून प्रजातीचं नाव ठरलं त्याच्या) क्रमाशी ताडून बघा. शुद्ध वाढ २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा.