विनोदी अद्भुत कादंबरी छोट्या पडद्यावर आणताना

विनोदी अद्भुत कादंबरीवर मालिका लिहायला घेतली की पटकथाकार सहसा आधी कथानकाचा तक्ता करतो आणि घटना भागांमध्ये वाटून टाकतो. हा तक्ता सुरुवातीला करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा कादंबऱ्यांचे कथानक बरेचदा साधे असते. राज्य धोक्यात येते, एखादा अपात्र माणूस नायक होतो, जग बुडता बुडता वाचते. वाचक पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा वळतो तो ही गोष्ट ज्या आवाजात सांगितली आहे त्या आवाजासाठी. मुळाशी प्रामाणिक राहायचे तर या निवेदकाच्या आवाजाला पडद्यावर जागा मिळवून द्यावी लागते, आणि रूपांतराच्या बाकी सर्व अडचणी या एका अडचणीतून निघतात.

म्हणून पहिले काम पेन्सिल हातात घेऊन वाचण्याचे. पुस्तकातल्या प्रत्येक विनोदाशेजारी तो कुठे घडतो याची खूण करावी: घटनेत, संवादात की निवेदनात. घटनेतला विनोद कॅमेऱ्याला सहज पेलतो. संवादातला विनोदही टिकतो, मात्र कागदावर चार ओळींचे वाटणारे बोलणे नटाच्या तोंडी लांबते, म्हणून त्याला कात्री लावावी लागते. खरी कसोटी तिसऱ्या गटाची. इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी अद्भुत कादंबरीमालेतल्या प्रसिद्ध तळटीपा घ्या. त्या कथेला मध्येच थांबवतात, वाचकाला बाजूला घेऊन काहीतरी सांगतात आणि परत आणून सोडतात. टीप वाचायची की पुढे जायचे हे वाचक स्वतः ठरवतो. प्रेक्षकाला ती सोय नसते.

निवेदनातल्या विनोदासाठी मार्ग मोजकेच आहेत. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे निवेदकाला ऐकू येऊ देणे, पण तो आवाज कोणाचा आहे हे आधी पक्के करावे लागते. डग्लस ॲडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’वर बीबीसीने 1981 मध्ये सहा भागांची मालिका केली. ती विनोदी विज्ञानकथा असली तरी प्रश्न हाच होता. तिथे निवेदन करते ते कथेतलेच एक पुस्तक, म्हणजे पात्रांच्या हातातली मार्गदर्शिका; त्यामुळे पीटर जोन्स यांचा आवाज बाहेरून चिकटवल्यासारखा वाटत नाही. त्याच्या जोडीला पडद्यावर दिसणारी, संगणकाची भासणारी चित्रे रॉड लॉर्ड यांच्या चमूने पारंपरिक ॲनिमेशनने तयार केली होती, आणि आवाज जे सांगत नाही ते ती चित्रे सांगत. प्रॅचेट आणि नील गेमन यांच्या 1990 च्या ‘गुड ओमेन्स’ या कादंबरीवर 2019 मध्ये जी मालिका आली, तिच्यात निवेदन देवाकडे दिले आणि फ्रान्सिस मॅकडॉर्मंड यांनी तो आवाज दिला. स्वर्ग आणि नरक यांच्यातल्या गोंधळाची ही कथा असल्यामुळे सर्वज्ञ निवेदकाला तिथे आयतेच स्थान मिळाले.

निवेदक ठेवायचे ठरले तर एक शिस्त कटाक्षाने पाळावी. चित्रात जे दिसते आहे ते निवेदकाने कधीही सांगू नये. राजा घाबरलेला दिसत असताना ‘राजा घाबरला होता’ हे वाक्य मेलेले असते. त्याच चित्रावर राजघराण्याच्या शौर्याची परंपरा सांगितली तर दोहोंमधल्या अंतरातून हसू येते. संकलन सुरू होण्याआधीच निवेदनाचा कच्चा आवाज रेकॉर्ड करून ठेवावा, म्हणजे दृश्यांची लांबी त्या लयीने ठरवता येते. उरलेल्या वाक्यांपैकी काही दुकानाच्या पाटीवर, भिंतीवरच्या फर्मानात किंवा मागून जाणाऱ्या माणसाच्या हातातल्या वस्तूत उतरवता येतात. काही वाक्ये मात्र सोडूनच द्यावी लागतात. ती आवडती असतात, म्हणून पात्रांच्या तोंडी कोंबण्याचा मोह होतो. पण निवेदकासारखे बोलू लागलेले पात्र पात्र राहत नाही.

बाहेरून केलेला मोठा बदलही कधी आतून प्रामाणिक असतो. विल्यम गोल्डमन यांच्या 1973 च्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये लेखक एका काल्पनिक ग्रंथकाराचे जुने पुस्तक आपण संक्षिप्त करत आहोत असे सांगतो आणि जागोजागी स्वतः डोकावतो. 1987 च्या चित्रपटाची पटकथा गोल्डमन यांनीच लिहिली, आणि त्यात त्यांनी हे सगळे काढून आजारी नातवाला पुस्तक वाचून दाखवणारे आजोबा आणले. गोष्ट थांबवणे, तिच्यावर शंका घेणे, पुन्हा तिच्यात ओढले जाणे हे सगळे कायम राहिले. रूपांतर करणाऱ्या प्रत्येकाने या एका बदलाचा बारकाईने अभ्यास करावा, असे मला मनापासून वाटते.

आता अभिनयाविषयी. अद्भुत जग हास्यास्पद आहे हे त्या जगातल्या कोणालाच ठाऊक नसते. ‘डिस्कवर्ल्ड’मध्ये मृत्यू हे एक पात्रच आहे आणि ते कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत, अवतरणचिन्हांशिवाय बोलते. याच मालेतल्या कादंबऱ्यांवरून स्काय वाहिनीने केलेल्या रूपांतरांपैकी 2006 मधील ‘हॉगफादर’मध्ये त्याला इयन रिचर्डसन यांचा, तर 2008 मधील ‘द कलर ऑफ मॅजिक’मध्ये ख्रिस्तोफर ली यांचा आवाज मिळाला. दोघेही गंभीर भूमिकांत मुरलेले नट. मृत्यू माणसे समजून घेण्याचा मनापासून प्रयत्न करतो, म्हणून तो हसवतो आणि हलवूनही सोडतो. नटाने विनोदाकडे डोळा मारला, किंवा पार्श्वसंगीताने ‘आता हसा’ असे सुचवले, की ते जग कोसळते. दिग्दर्शकाने हे पटकथेच्या पहिल्या वाचनातच सर्वांना सांगावे.

लांबीचा निर्णय थोडक्यात सांगता येतो. ‘हॉगफादर’ने एका कादंबरीला दोन भागांत मिळून सुमारे तीन तास दिले; ‘द कलर ऑफ मॅजिक’ने तेवढ्याच भागांत दोन कादंबऱ्या बसवल्या. या कादंबऱ्यांत आडवळणे हाच ऐवज असतो, त्यामुळे भाग कमी असतील तर कथानक आटोपशीर करावे आणि आडवळणे राखावीत. नेमके उलट केले जाते, याचे मला वाईट वाटते.

यापेक्षा नाजूक गोष्ट आहे ती विनोदाखालच्या संतापाची. प्रॅचेट यांच्या 1993 च्या ‘मेन ॲट आर्म्स’मध्ये पहाऱ्याचा कप्तान सॅम व्हाइम्स बुटांचा हिशेब मांडतो. पन्नास डॉलरचा चांगला बूट वर्षानुवर्षे टिकतो, गरिबाला दहा डॉलरचाच परवडतो आणि तो लवकर फाटतो. म्हणून गरीब माणूस एकूण पैसे जास्त घालवतो आणि त्याचे पाय तरीही ओलेच राहतात. ही कोटी नाही, गरिबीविषयीचा युक्तिवाद आहे. अशा जागा शोधून, लेखकाला कशाची चीड आहे हे एका वाक्यात लिहून काढावे आणि प्रत्येक मसुदा त्या वाक्याशी ताडून पाहावा. याच पहारेकऱ्यांवरून 2021 मध्ये आलेल्या ‘द वॉच’ या मालिकेने पात्रांवरून प्रेरणा घेतल्याचे सांगून वेगळी वाट धरली, तेव्हा अनेक चाहते दुखावले. प्रेरित म्हणून वेगळे काही करण्यात गैर नाही, पण मग रूपांतराचा दावा करू नये आणि प्रसिद्धीतही तसे सूचित करू नये.

शेवटी संकलन. विनोदी वाक्यात हसवणारा शब्द सहसा अगदी शेवटी येतो आणि त्यानंतर लेखक एक अक्षरही लिहीत नाही. दृश्यही तिथेच तोडावे. हसणाऱ्या पात्राचा चेहरा त्यानंतर दाखवू नये. पहिला जुळवलेला भाग दोन गटांना वेगवेगळा दाखवावा, एक पुस्तक पाठ असणाऱ्यांचा आणि एक ते कधीही न वाचलेल्यांचा. पहिला गट हसला आणि दुसरा गप्प राहिला, तर तो विनोद आठवणीवर चालला आहे असे समजावे आणि त्या जागेचे निवेदन पुन्हा लिहावे. दुसरा हसला आणि पहिला अस्वस्थ झाला, तर खुणा केलेली ती जुनी प्रत काढून त्या पानावर मुळात विनोद कुठे होता ते पाहावे.