६ जानेवारीला नवा खासदार कुठे झुकेल, हे कसे ताडावे

अमेरिकेच्या अध्यक्षीय निकालावर ६ जानेवारीला संसदेत शिक्कामोर्तब होते तेव्हा 'निकाल मान्य आहे का' असे मतदान होतच नाही. राज्यांच्या इलेक्टरांच्या (अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणाऱ्या, राज्यागणिक नेमलेल्या प्रतिनिधींच्या) मतांची प्रमाणपत्रे वर्णानुक्रमे उघडतात आणि एखाद्या राज्यावर रीतसर हरकत आली, तरच मते पडतात. त्यामुळे अंदाजही राज्यागणिक बांधावा लागतो.

आधी २०२१ च्या नोंदी काढा. तिथे हमखास गफलत होते ती 'येय' (होकाराचे मत) या शब्दापाशी: त्याचा अर्थ हरकत मान्य, म्हणजे त्या राज्याची मते नाकारा. ॲरिझोनावरची हरकत सिनेटने ६ विरुद्ध ९३ आणि प्रतिनिधिगृहाने १२१ विरुद्ध ३०३ अशी फेटाळली. पेनसिल्व्हेनियावर आकडे होते ७-९२ आणि १३८-२८२. आता नवख्या रिपब्लिकनांची नावे शोधा. तीनच दिवसांपूर्वी सिनेटची शपथ घेतलेल्या सिंथिया लमिस ॲरिझोनावरच्या हरकतीच्या विरोधात, तर पेनसिल्व्हेनियावरच्या हरकतीच्या बाजूने होत्या. टॉमी ट्युबरव्हिल यांनी दोन्ही उचलून धरल्या. प्रतिनिधिगृहात नॅन्सी मेस आणि पीटर माइयर यांनी दोन्ही नाकारल्या, लॉरेन बोबर्ट यांनी दोन्हींना साथ दिली. नुसता पक्ष पाहून काहीच कळत नाही. सभागृह पाहिले तर बरेच कळते.

डिसेंबर २०२० मध्ये टेक्सासने इतर चार राज्यांच्या निकालांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात केलेल्या दाव्याला पाठिंबा देणाऱ्या १२६ प्रतिनिधींच्या यादीत या नवख्यांची नावे सापडणार नाहीत. तेव्हा ते सभागृहात नव्हतेच, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढू नका. २०२२ किंवा २०२४ मध्ये प्रथम निवडून आलेल्यांची तर मतनोंदच नाही, कारण जानेवारी २०२५ मध्ये हरकत आली नाही.

अशांच्या बाबतीत हरकतीवरची सही महत्त्वाची. पूर्वी दोन्ही सभागृहांतून एकेक सही पुरायची. २०२२ च्या कायद्याने प्रत्येक सभागृहाच्या एकपंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात: पूर्ण संख्या असेल तर २० सिनेटर आणि ८७ प्रतिनिधी. आधारही दोनच उरले: इलेक्टर कायदेशीररीत्या प्रमाणित नसणे, किंवा त्यांचे मत नियमानुसार दिलेले नसणे.

म्हणून 'गैरप्रकार झाले' एवढ्या मोघम विधानाला फार वजन देऊ नका. खासदाराच्या कार्यालयाला नेमके विचारा: कुठल्या राज्यावर, कुठल्या आधारावर, आणि सही करणार का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर अंदाज पक्का धरा. पहिल्याचेच मिळाले तर तो खासदार अजून कुंपणावर आहे असे समजा, आणि ३ जानेवारीच्या शपथेनंतर पुन्हा विचारा.