पेन्शन पुण्यात, मुक्काम परदेशात

परदेशी कायम राहायला गेलात की साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्या. पेन्शन, भाडं, व्याज सगळं त्यातच जमा होऊ द्या.

एनआरओतून दरमहा थेट परदेशी रक्कम पाठवायचं ठरवलं, तर दर वेळी आयकराचे फॉर्म आणि बँकेचे कागद करावे लागतात. म्हणून काम दोन टप्प्यांत करा. तिमाहीतून एकदा कर भरलेली रक्कम कागदपत्रांसह एनआरईत, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या दुसऱ्या प्रकारच्या खात्यात, वळवा. एनआरईतून ती पुढे न्यायला मर्यादा नाही, करविषयक फॉर्मही लागत नाहीत. तिथून ठरावीक तारखेला पाठवण्याची सोय बँकेत विचारून घ्या. तारीख पेन्शनच्या दिवसाला चिकटवू नका, पाच-सहा दिवस मधे सोडा.

पहिल्यांदा छोटी रक्कमच पाठवा. मधल्या बँका शुल्क कापतात, म्हणून किती पोचले ते बघूनच पुढचा आकडा ठरवा. नाव दोन्हीकडे अक्षरशः सारखं हवं. 'सुधाकर ग. जोशी' आणि 'सुधाकर गणेश जोशी' एवढ्या फरकानेही रक्कम अडकते. स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख, ८ किंवा ११ अक्षरांचा असतो; युरोपात आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकही लागतो.

सगळ्यात जास्त घोळ ओटीपीचा. भारतातला नंबर रिचार्जअभावी बंद पडला की सगळंच ठप्प. आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकला, तर पेन्शनच थांबते.