वस्ती ओस पडते ती वादळामुळे नव्हे : या चुका टाळा

‘अगेन्स्ट द स्टॉर्म’ हा जंगलात वस्ती उभारण्याचा गेम डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आल्यापासून नवशिक्यांची एकच तक्रार मी ऐकत आलो आहे : कोठारात धान्य आहे, डोक्यावर छप्पर आहे, तरीही माणसे, सरडे, बीव्हर अशा जमातींचे रहिवासी वस्ती सोडून जातात. रिझॉल्व्ह, म्हणजे त्यांचे मनोबल, शून्यावर आला की ते निघणारच. आणि तो शून्यावर आणतो तो बहुधा खेळणाराच.

सर्वांत मोठी चूक म्हणजे वादळाच्या तोंडावर ग्लेड, म्हणजे जंगलातली नवी मोकळी जागा, उघडणे. प्रत्येक नव्या ग्लेडने जंगलाची होस्टिलिटी (वैरभाव) वाढते, कामावर असलेल्या प्रत्येक लाकूडतोड्यानेही ती वाढते, आणि या साऱ्याची वसुली वादळाच्या ऋतूत रिझॉल्व्हमधून होते. गेल्या आषाढात माझा ऐरोलीचा मावसभाऊ पावसामुळे ठाण्यात आमच्याकडे अडकला होता. क्लिअरन्स, म्हणजे वादळाआधीचा ऋतू, संपत आलेला असताना त्याने दोन धोकादायक ग्लेड उघडले आणि ‘तेवढंच लाकूड मिळेल’ म्हणून एकही लाकूडतोड्या हटवला नाही. पहिल्याच वादळात सरडे गेले, पाठोपाठ माणसे गेली, जाणाऱ्या प्रत्येकागणिक राणीची अधीरता (ती शिगेला पोचली की डाव हरतो) वाढत गेली आणि आईने चहा आणेपर्यंत डाव संपला. दोष अर्थातच त्याने गेमला दिला. माझी सवय साधी आहे : वादळ सुरू होताच मी गेम थांबवतो, सगळे लाकूडतोडे कामावरून काढतो आणि रिमझिमीचा ऋतू आल्यावरच परत लावतो. एवढे दोन क्लिक करण्याचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी निदान रडू तरी नये.

दुसरी चूक म्हणजे एका जमातीला झुकते माप देण्याची सोय सर्रास वापरणे. तिचा रिझॉल्व्ह चढतो हे खरे, पण उरलेल्यांचा त्याच वेळी उतरतो. त्यामुळे सरडे थांबवण्याच्या नादात बीव्हर गमावणारे मी कितीतरी पाहिले आहेत. मी ही सोय एखादी जमात अगदी निघण्याच्या बेतात असेल तेव्हाच वापरतो आणि वादळ ओसरताच बंद करतो.

हार्थमधले, म्हणजे वस्तीच्या मुख्य शेकोटीतले, इंधन संपू देऊ नका. सामाईक निवाऱ्यावर कायम भागवू नका, कारण प्रत्येक जमातीला स्वतःच्या धाटणीचे घर मिळाले की रिझॉल्व्हमध्ये वेगळी भर पडते. उपासमार एका वेळची असली तरी टाळा. चुकलेल्या प्रत्येक जेवणागणिक नाराजी साचत जाते. बिस्किटांसारखे चांगले पदार्थ मात्र मी एरवी वाटूच देत नाही. त्यांच्या वापरावरची बंदी वादळ सुरू झाल्यावरच उठवतो.